शेगाव ते सिडनी : कराराने उघडलेली वाट

भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार 29 डिसेंबर 2022 रोजी लागू झाला. त्यात भारतीय आचारी आणि योगशिक्षकांसाठी वर्षाला 1,800 जागा आहेत. तिथल्या संस्थेशी कामाचा करार झाला की चार वर्षांपर्यंत राहता येते. 18 ते 30 वयाच्या तरुणांना ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसाच्या 1,000 जागा आहेत, त्या मात्र सोडतीने. नोंदणीचे शुल्क 25 ऑस्ट्रेलियन डॉलर. सोडतीत नाव निघाले म्हणजे व्हिसा मिळाला असे नाही, फक्त अर्ज करता येतो. नाव काढून देतो म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका.

नुकत्याच पदवी घेतलेल्या इंजिनिअरांसाठी ‘मेट्स’ ही योजना वेगळी आहे. ती व्यापार करारातली नसून दोन्ही देशांमधल्या मे 2023 च्या स्थलांतर करारातली आहे. वर्षाला 3,000 जागा, मुक्काम दोन वर्षांपर्यंत. पदवी ‘एनआयआरएफ’ या सरकारी क्रमवारीत पहिल्या शंभरात असलेल्या संस्थेची लागते. शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकलेल्यांच्या पदवीवर अमरावती विद्यापीठाचे नाव असते, तेव्हा ते त्या शंभरात आहे का, हे शुल्क भरण्याआधी तपासा.

अर्ज कोणताही असो, खरी अडचण बहुधा नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना तर तिसराच मेळ घालावा लागतो. तो आधी घाला. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा.