कर्जत ते लोणावळा : भोर घाट चढणारी गाडी

मुंबईहून पुण्याला गाडीने जाऊन आलेल्या माणसाला प्रवास कसा झाला म्हणून विचारलं, तर तो वेळ सांगतो. सव्वातीन तास लागले, चार लागले, कर्जतला अडकलो. त्या वेळातला पाऊण तास भोर घाटाचा असतो, हे त्याच्या सांगण्यात क्वचितच येतं. माथेरानच्या छोट्या गाडीसाठी लोक पहाटे नेरळला रांग लावतात. उटीच्या आणि दार्जिलिंगच्या गाडीची तिकिटं मिळावीत म्हणून सुट्ट्यांच्या तारखा बदलतात. भोर घाट मात्र कामावर जाताना, सासरी जाताना, परीक्षेला जाताना वाटेत येतो, म्हणून त्याच्यासाठी असं कुणी निघत नाही. माझं सांगणं आहे की निघावं. कर्जत ते लोणावळा हे २८ किलोमीटर हाच मुक्काम समजून, गाडी, वेळ, ऋतू आणि डबा नीट ठरवून जावं. आणि ते ठरवायचं तर हा घाट चालतो कसा, हे आधी समजून घ्यावं लागतं. इथे जे दिसतं ते गाडी हळू चालते म्हणून दिसतं, आणि ती हळू का चालते यातच या घाटाची सगळी गोष्ट आहे.

घाटाचा चढ ३७ ला १ आहे. म्हणजे गाडी ३७ मीटर पुढे गेली की एक मीटर वर चढते. मोटारीने जाणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण पोलादी चाक पोलादी रुळावर चालतं ते घर्षण कमी असतं म्हणूनच, आणि जे सपाटीवर सोयीचं तेच चढावर गैरसोयीचं होतं. सपाट मुलखातल्या मुख्य मार्गांवर शंभराला एक हा चढसुद्धा कडक समजतात. इथे त्याच्या अडीचपटीहून जास्त चढ, तोही वळणावळणांनी, बोगद्यांतून आणि एका बाजूला दरी ठेवून. दातेरी रूळ नाही, की ओढून घेणारा दोर नाही. साध्या रुळांवरून चोवीस डब्यांची गाडी सह्याद्री चढते.

ही वाट शोधण्याचं आणि आखण्याचं काम ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांच्याकडे होतं. १८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, तेव्हाच पुढे सह्याद्री उभा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. दख्खनचा कापूस मुंबईच्या बंदरात आणायचा तर कड्यावर चढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. घाटाखालची वाट आणि घाटावरची वाट आधी तयार झाली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरूही झाली, पण मधला डोंगर प्रवाशांना पालखीतून नाहीतर बैलगाडीतून ओलांडावा लागे. घाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये संपलं. साधारण २५ किलोमीटरांत १,८३१ फूट चढ, २५ बोगदे आणि आठ मोठे दगडी पूल असा तो मार्ग होता. बर्कलींना मात्र त्यावरून गाडी गेलेली पाहता आली नाही. आजारी होऊन ते इंग्लंडला परतले आणि १८६२ मध्ये वारले.

या कामाचा इतिहास सांगताना साहेबांची नावं पुढे येतात, कारण नोंदी त्यांच्याच आहेत. पहिला कंत्राटदार फॅव्हियल. त्याच्या काळात, १८५९ मध्ये, मजुरी थकल्यावरून मजुरांचा मोठा उद्रेक झाला आणि पुढे त्याने कंत्राट सोडलं. त्याच वर्षी सॉलोमन ट्रेडवेल आला, आणि आल्यानंतर थोड्याच काळात मरण पावला. मग त्याच्या पत्नीने, अॅलिस ट्रेडवेल यांनी, कंत्राट स्वतःच्या नावावर घेतलं आणि दोन जाणत्या अभियंत्यांच्या हाताने काम तडीस नेलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एका बाईच्या नावाने एवढं कंत्राट चालावं, ही मला या घाटातली फार मोठी गोष्ट वाटते. पण १८६१ च्या सुमारास कामावर बेचाळीस हजारांपर्यंत माणसं होती. कड्यावरून दोरांनी खाली लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडणारी, पटकीच्या साथीत तंबूंतच मेलेली ती माणसं जवळजवळ सगळी निनावी राहिली. त्यांच्या बाजूने बोलणारी एक दंतकथा तेवढी उरली आहे. शिंगरोबा नावाच्या धनगराने साहेबांना घाटातली वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून गोळी मिळाली, असं सांगतात. खोपोलीहून खंडाळ्याला चढणाऱ्या जुन्या रस्त्यावर त्याचं देऊळ आहे, आणि जाणारा-येणारा ड्रायव्हर अजून तिथे नाणं टाकतो.

बर्कलींच्या आखणीत एक विलक्षण जागा होती, ती म्हणजे रिव्हर्सिंग स्टेशन. खंडाळ्याच्या अलीकडे डोंगर इतका अरुंद होता की गाडीला वळायला जागाच नव्हती. तेव्हा गाडी एका सोंडेच्या टोकावर नेऊन थांबवायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायचा. साठ-पासष्ट वर्षं प्रत्येक गाडी अशी चढली-उतरली. १९२९ च्या सुमारास नवे बोगदे खोदून मार्ग बदलला आणि ते स्टेशन बंद झालं. त्याच वेळी कल्याण-पुणे मार्गावर वीज आली, आणि १ जून १९३० पासून दख्खनची राणी धावू लागली. वाफेची इंजिनं घाटातून गेली आणि मालगाड्यांसाठी मधोमध सांधा असलेली, लांब नाकाची विजेची इंजिनं आली. उभी असताना ती कण्हल्यासारखा आवाज करत. रेल्वेच्या माणसांनी त्यांना खेकडा हे नाव दिलं आणि ते कायमचं चिकटलं. त्यातला एक खेकडा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पाहायला मिळतो. उतरताना त्याच्या मोटारी उलट काम करून वीज तयार करत आणि ती वरच्या तारेत परत जाई. उतरणाऱ्या गाडीने चढणाऱ्या गाडीला हातभार लावावा, ही सोय जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी या घाटात होती.

आता कर्जत. इथे लांबच्या गाड्या थांबतात त्या बँकर जोडण्यासाठी. गाडीच्या शेपटीला दोन किंवा तीन इंजिनं येऊन लागतात, हलका धक्का बसतो, ब्रेकच्या हवेची तपासणी होते. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात. सगळी ताकद पुढेच लावली तर काय बिघडलं, असं कुणीही विचारेल. बिघडतं ते डब्यांमधल्या कपलिंगचं. एवढ्या चढावर सगळ्या गाडीचा ताण पहिल्या काही कपलिंगांवर येतो, आणि त्यातलं एखादं तुटलं तर मागचे डबे उताराने सुटतात. मागे बँकर असले की ताण वाटला जातो आणि मागे घसरण्याची वाटही बंद होते. पुढचा आणि मागचा ड्रायव्हर एकमेकांना दिसत नाहीत. त्यांच्यात गाडीची सगळी लांबी आणि बहुधा एखादा बोगदा असतो. शिट्टीच्या ठरलेल्या खुणा आणि वॉकीटॉकी यांवर दोघांचा मेळ चालतो. ढकलणाऱ्याने घाई केली किंवा ओढणाऱ्याने उशीर केला तर मधल्या डब्यांत ते लगेच कळतं. बहुतेक वेळा काहीच कळत नाही, आणि ते या माणसांचं कसब आहे.

या थांब्यानेच कर्जतचा बटाटावडा महाराष्ट्रभर पोचवला. बँकर लागेपर्यंत वेळ असायचा आणि खिडकीशी दिवाडकरांचा वडा यायचा. तिकडे लोणावळ्यात सांगतात की चिक्कीही घाटातूनच आली, मजुरांना पोटाला आधार म्हणून विकल्या जाणाऱ्या गूळ-दाण्यांच्या वडीतून.

कर्जत सुटलं की पळसदरी, जांबरुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल अशी नावं येतात. यातल्या पळसदरीला लोकल थांबते. बाकीची ठिकाणं रेल्वेने आपल्या कामासाठी ठेवलेली आहेत. ठाकूरवाडीपासून पुढे उल्हास नदीचं खोरं उघडतं, पलीकडे राजमाचीचे डोंगर दिसतात. बोगदे लहान-मोठे, एकामागून एक येतात, आणि दोन बोगद्यांच्या मधे दरी दिसते न दिसते तोच पुन्हा अंधार होतो. इथे तीन मार्ग आहेत आणि ते सगळीकडे शेजारी शेजारी नाहीत. कधी दुसरा मार्ग डोक्यावर दिसतो, कधी पायाखाली. म्हणून ज्याने घाट फक्त चढून पाहिला त्याने तो अर्धाच पाहिला.

उतरणं ही वेगळीच विद्या आहे. चढताना गाडी थांबली तर काळजीचं कारण नसतं, उतरताना न थांबली तर असतं. म्हणून लोणावळ्याच्या बाजूने निघण्याआधी ब्रेक पाहिले जातात, आणि उतारावर वेग साधारण ताशी ३० किलोमीटरपर्यंतच ठेवतात. वाटेत कॅच साइडिंग आहेत. मुख्य मार्गातून फुटून वर चढत जाणारा, पुढे कुठेच न जाणारा हा रूळ. त्याचा सांधा एरवी त्याच बाजूने लावलेला असतो. उतरणारी गाडी त्याच्या अलीकडे पूर्ण थांबते, म्हणजे ब्रेक ताब्यात आहेत हे सिद्ध होतं, आणि मगच सांधा फिरवून तिला पुढची वाट देतात. सुटलेली गाडी असेल तर ती आपोआप त्या चढावर जाऊन अडकेल. जंगलात, स्टेशन नसताना गाडी थांबली की डब्यात चुळबुळ सुरू होते. ही तपासणी आहे हे ठाऊक असलं की त्या दोन-तीन मिनिटांत शांतपणे दरी पाहता येते.

आखणीचं बोलायचं तर पहिला प्रश्न उजेडाचा. मुंबईहून संध्याकाळी पाचनंतर निघणारी दख्खनची राणी हिवाळ्यात घाटात पोचते तेव्हा अंधार झालेला असतो. तिच्यातून घाट पाहायचा तर पुण्याहून सकाळी निघणारी गाडी धरावी, आणि तिच्या डायनिंग कारमध्ये न्याहारी घाटाआधीच उरकावी. चढण्यासाठी मुंबईहून सकाळी सातच्या सुमारास निघणारी डेक्कन एक्सप्रेस सगळ्यांत चांगली. ती दुपारी पुण्याहून परत फिरते, तेव्हा एका दिवसात दोन्ही बाजू होतात. वेळापत्रकं बदलतात, निघण्याआधी पाहून घ्यावीत.

दुसरा प्रश्न डब्याचा. २०२१ च्या जूनमध्ये डेक्कन एक्सप्रेसला विस्टाडोम डबा लागला. मोठ्या काचा, छतालाही काच, फिरणाऱ्या ४४ खुर्च्या. वृद्ध आई-वडील बरोबर असतील तर तोच घ्यावा, त्यात आराम आहे आणि कडे वरपर्यंत दिसतात. पण काच बंद असते. इंजिनांची घरघर, बोगद्यात शिरतानाचा हवेचा दाब, ओल्या कातळाचा वास यातलं काही आत येत नाही. म्हणून मी सांगेन की चढताना दुसऱ्या वर्गाच्या बैठ्या डब्यात, शक्यतो शेवटच्या डब्यांपैकी एकात खिडकी घ्यावी. मागून ढकलणारे बँकर तिथून ऐकू येतात आणि वळणावर गाडीचं पुढचं टोकही दिसतं. उतरताना विस्टाडोम. दाराच्या पायरीवर मात्र बसू नये. बोगद्याची भिंत डब्याच्या फार जवळून जाते.

ऋतू पावसाचाच, हे कुणीही सांगेल. जुलैत कड्यांवरून ठिकठिकाणी पाणी कोसळत असतं, पण ढग उतरले की खिडकीबाहेर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. माझी पसंती सप्टेंबरच्या उत्तरार्धाला. पाणी अजून वाहत असतं, हवा धुतलेली असते, उतारांवर सोनकी फुलते आणि राजमाचीपर्यंत नजर पोचते. शिवाय दरडींची भीती ओसरलेली असते. ही भीती खरी आहे. १८६७ च्या पावसाळ्यात इथला एक दगडी पूलच कोसळला होता, आणि २०१९ मध्ये मंकी हिल ते कर्जत भागात एवढी पडझड झाली की कितीतरी गाड्या महिनोन्महिने रद्द ठेवाव्या लागल्या. रेल्वेची हिल गँग पावसाआधी हे कडे चढते. सैल झालेला प्रत्येक धोंडा हेरायचा आणि गाड्या थांबवून पहारीने खाली पाडायचा, हे त्यांचं काम. पावसात रात्रपाळीचे गस्तवाले रूळ चालून पाहतात. खिडकीतून केशरी रेनकोट घातलेला माणूस दिसला, तर गाडी पुढे जाते आहे ती त्याने पाहून दिलेल्या वाटेवरून.

घाट बदलतोही आहे. २०२३ पासून धावणारी मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकर न लावता हा चढ चढते, कारण तिच्या मोटारी एका इंजिनात नसून डब्यांखाली विभागलेल्या आहेत. पुढेमागे एकेक इंजिन लावूनही गाड्या घाट चढू लागल्या आहेत. वेळ वाचतो, ते चांगलंच आहे. पण बँकर लागताना पाहायचा असेल, त्याचा धक्का अंगाला जाणवून घ्यायचा असेल, तर कर्जतला थांबणारी इंजिनाची गाडी निवडावी, आणि तिथे उतरून शेवटच्या डब्यापर्यंत चालत जावं. घाई करू नये, शिट्टी झाली की जवळच्या डब्यात चढावं.

हे जमलं की पुढचा घाट थळचा. कसारा ते इगतपुरी, १८६५ मध्ये सुरू झालेला, चढ तोच ३७ ला १, अंतर भोर घाटापेक्षा कमी. मुंबईहून पहाटे निघणारी तपोवन एक्सप्रेस तिथे चांगल्या उजेडात पोचते.