कमी बजेटमध्ये लग्नाचे फोटो: पैसे कशावर लावावेत?

लग्नाच्या फोटोग्राफीची कोटेशनं हाती आली की घरोघरी वस्तू मोजल्या जातात. ड्रोन आहे का, करिझ्मा अल्बमची पानं किती, टीझर मिळणार का? बजेट बेताचं असेल तर पैसे आधी जाणकार माणसाच्या वेळेवर लावावेत आणि उरले तरच बाकीच्या गोष्टींकडे वळावं. मराठी लग्नाची घडणच तशी आहे. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, हार घातले जातात. सगळं बघता बघता उरकतं. भोवती मामा, करवल्या आणि गुरुजींची दाटी, त्यात कार्यालयातला रंगीबेरंगी उजेड. कुठे उभं राहायचं हे आधीच हेरून ठेवणाऱ्यालाच तो क्षण सापडतो. अल्बम वर्षभरानंही छापता येतो. अंतरपाट पुन्हा धरता येत नाही.

म्हणून निवडक फोटोंवर भाळू नये. साध्या हॉलमधल्या एखाद्या लग्नाचे सुरुवातीपासून शेवटपर्यंतचे फोटो पाहायला मागावेत. मोठ्या मुहूर्ताला एकाच स्टुडिओकडे अनेक लग्नं असतात आणि ऐनवेळी भलताच माणूस येऊ शकतो. तेव्हा येणाऱ्याचं नाव, कामाचे तास, एडिट केलेल्या फोटोंची संख्या, ते मिळण्याची तारीख आणि जीएसटी, प्रवास धरून एकूण रक्कम लिहून घ्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याकडे असतो. मात्र वेगळा करार नसेल तरच. सही करण्याआधी करारातली हक्काबाबतची अट नीट वाचावी.

चांगला माणूस महाग पडतो, ही शंका रास्त आहे. त्यावर उपाय तास कमी करण्याचा. प्री-वेडिंग आणि रिसेप्शन वगळून वधूच्या तयारीपासून सप्तपदीपर्यंतचंच काम द्यावं. घरातल्या मोबाइलवर हळदीचे फोटो छान येतात. पण ज्या भावाला कानपिळीला बसायचं आहे, त्याच्यावरच फोटोंची जबाबदारी टाकली तर तो धड विधीतही नसतो आणि फोटोतही. आजी-आजोबांना हातात घेऊन पाहायला फोटो हवेत, हे खरंच. त्यासाठी निवडक पन्नास प्रिंट काढून साध्या अल्बममध्ये लावल्या तरी पुरतं. उत्तम फोटो साध्या कागदावरही उत्तमच दिसतो. हुकलेला विधी मात्र कितीही महागड्या अल्बमात सापडत नाही.