छोट्या ट्रॅक्टरचे पंक्चर: नशिबाचा नव्हे, निगराणीचा प्रश्न

द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर नवे फुटवे कोवळे असतात. अशा वेळी पाऊस झाला आणि पाने ओली राहिली, की केवडा रोगाला आयते आमंत्रण मिळते. फवारणी त्याच दिवशी व्हावी लागते. दुसऱ्या दिवशी केलेल्या फवारणीचा उपयोग निम्म्यावर येऊ शकतो. नेमक्या अशाच सकाळी ब्लोअर जोडलेला छोटा ट्रॅक्टर बागेच्या मध्यावर एका बाजूला कललेला आढळला, तर शेतकऱ्याचे नुकसान पंक्चर काढण्याच्या मजुरीपुरते राहत नाही. दोन ओळींमधील 8 ते 10 फुटांच्या पट्ट्यात औषधाने भरलेली टाकी, ओली जमीन आणि जॅक लावण्यास जागा नाही, अशी त्याची कोंडी होते.

पंक्चर हा नशिबाचा भाग मानण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. प्रत्यक्षात शेतातील बहुतेक पंक्चरांची कारणे ठरावीक असतात आणि त्यांतील बरीचशी टाळता येतात. त्यासाठी महाग साहित्यापेक्षा नियमित निगराणी अधिक लागते.

हवेवर चालणारे यंत्र

ट्रॅक्टरला प्रारंभी लोखंडी चाके असत. हवा भरलेले रबरी टायर शेतीच्या ट्रॅक्टरवर रूढ होण्यास 1932 नंतर अमेरिकेत सुरुवात झाली. लोखंडी चाकाला काट्याचे भय नव्हते. पण ते जमीन दाबून टाकी, धक्के देई आणि रस्त्यावर निरुपयोगी ठरे. कमी दाबाची हवा भरलेला टायर जमिनीवर पसरतो, वजन विभागतो आणि पकड वाढवतो. पंक्चरची शक्यता ही या मऊपणाची किंमत आहे. त्यामुळे टायर दगडासारखा कडक करणे हा त्यावरील उपाय होऊ शकत नाही. मऊपणा राखून टायरचे रक्षण करणे, हाच खरा मार्ग आहे.

छोट्या ट्रॅक्टरच्या बाबतीत ही गरज अधिक तीव्र असते. त्याचे टायर आकाराने लहान आणि तुलनेने पातळ असतात. आपल्याकडील अशा बहुतेक टायरांत ट्यूब असते. ट्यूबला छिद्र पडले की हवा लवकर निघून जाते. शिवाय हा ट्रॅक्टर बागेत, आंतरमशागतीत आणि पिकांच्या खुंटांमध्ये, म्हणजे जिथे टोकदार वस्तू सर्वाधिक असतात तिथेच चालतो.

शत्रू शेतातच आहे

टायर फोडणाऱ्या वस्तूंमध्ये काटे आणि खुंट यांचा क्रमांक वरचा लागतो. बांधावरच्या बाभळीचा वाळलेला काटा रबर सहज भेदतो. मूळची दक्षिण व मध्य अमेरिकेतील वेडी बाभूळ आज देशाच्या कोरडवाहू पट्ट्यात सर्वत्र पसरली आहे. गुजरातेत तिला गांडो बावळ, तर तमिळनाडूत सीमै करुवेलम म्हणतात. नाव वेगळे असले, तरी टायरला होणारा उपद्रव सारखाच. कुंपणासाठी किंवा सरपणासाठी तिच्या फांद्या ज्या वाटेने ओढत नेल्या जातात, त्या वाटेवर काटे महिनोन्महिने पडून राहतात. डाळिंब आणि लिंबाच्या बागांत छाटलेल्या फांद्याच काटेरी असतात. द्राक्षबागेत काड्यांबरोबर मांडवाच्या तारांचे तुकडे आणि खिळे मातीत मिसळतात.

खुंटांचा धोका मात्र माणूस स्वतः निर्माण करतो. कपाशीची पऱ्हाटी किंवा तूर विळ्याने तिरकी कापली, की जमिनीत भाल्याच्या टोकासारखा खुंट उरतो. वाळल्यावर तो आणखी कठीण होतो. अशा शेतात ट्रॅक्टर घातल्यास टायरच्या तळालाच नव्हे, तर बाजूच्या पातळ भिंतीलाही इजा होते. भिंत चिरली, तर ठिगळाने काम भागत नाही. टायरच बदलावा लागतो.

म्हणून पहिला उपाय शेतातच करायचा आहे. पऱ्हाटी चिमट्याने मुळासकट उपटावी किंवा श्रेडरने बारीक करावी. कापणीच करायची असेल, तर ती जमिनीलगत आणि शक्य तितकी आडवी करावी. खुंट असलेल्या शेतात चाके ओळींच्या मधून न्यावीत, खुंटांवरून नव्हे. छाटणीनंतर फांद्या गोळा झाल्याशिवाय बागेत ट्रॅक्टर नेऊ नये. तारेचा तुकडा किंवा खिळा दिसताच उचलून डब्यात टाकण्याची सवय मजुरांनाही लावावी. पडलेला खिळा पुढच्या चाकाखाली उभा होतो आणि मागच्या चाकात शिरतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

दाब किती असावा

दुसरा उपाय हवेच्या दाबाचा. तो चौरस इंचावरील पौंडांत, म्हणजे पीएसआयमध्ये मोजतात. शेतकाम करताना मागच्या टायरमध्ये सर्वसाधारणपणे 12 ते 18 पीएसआय दाब ठेवला जातो. पुढच्या लहान टायरमध्ये तो याहून अधिक असतो. नेमका आकडा टायरचा आकार, त्यावरील भार आणि काम यांवर ठरतो आणि तो ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. टायरच्या भिंतीवर छापलेला सर्वाधिक दाब ही मर्यादा असते. रोज तेवढी हवा भरावी, असा त्याचा अर्थ नाही.

हवा कमी असेल, तर टायर वाजवीपेक्षा अधिक दबतो, त्याची भिंत सतत दुमडते आणि खुंटासमोर उघडी पडते. रस्त्यावर भरलेली ट्रॉली ओढताना असा टायर तापतो. त्याहून मोठी हानी आतून होते. नांगरणीच्या ओढीत टायर रिमवर सरकतो, आतली ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि वॉल्व्ह मुळापासून फाटतो. काटा सापडत नाही, तरी ट्यूब मात्र गेलेली असते. वॉल्व्ह तिरका झालेला दिसला, तर तो हवा कमी असल्याचा इशारा समजावा.

हवा जास्त असेल, तर टायर ताठ होतो, जमिनीवरची पकड घटते, चाक जागीच फिरते आणि रबर लवकर झिजते. ताणलेल्या टायरवर दगडाचा किंवा खुंटाचा आघातही अधिक बसतो.

दाब सकाळी, काम सुरू होण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावा. सुमारे 15 पीएसआय दाबाच्या टायरमध्ये तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढले, की दाब साधारण 1 पीएसआयने वाढतो. दुपारी तापलेल्या टायरची हवा कमी केली, तर दुसऱ्या सकाळी तो अपुऱ्या दाबावर उभा असतो. ट्रकसाठीचे दाबमापक इतक्या कमी दाबाला नेमके वाचन देईलच असे नाही. म्हणून कमी दाब दाखवणारे साधे मापक घरी असावे. वॉल्व्हवरची टोपी क्षुल्लक वाटते, पण तीच चिखल आणि धूळ आत जाऊ देत नाही.

पकड वाढवण्यासाठी मागच्या टायरमध्ये पाणी भरण्याची पद्धत आहे. वॉल्व्ह सर्वांत वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, पाणी भरतात. पाणी दाबले जात नसल्याने उरलेल्या थोड्या हवेवरच धक्का सोसण्याची जबाबदारी येते आणि टायर ताठ होतो. पंक्चर झाल्यास एवढे वजन हलवणेही कठीण जाते. म्हणून गरजेपुरतेच पाणी भरावे आणि हंगाम संपल्यावर काढून टाकावे.

तेच पंक्चर पुन्हा का होते

ट्यूबला ठिगळ लावून दोन दिवसांत त्याच जागी पुन्हा छिद्र पडल्याची तक्रार नेहमी ऐकू येते. काट्याचे तुटलेले टोक टायरच्या थरांत राहिलेले असते आणि ते हळूहळू आत सरकते. ट्यूब काढल्यावर छिद्राची जागा टायरशी जुळवून पाहावी, टायरच्या आतील बाजूवरून जाड कापड फिरवावे आणि अडकलेले टोक चिमट्याने काढावे. रिमवरचा गंज घासून रंग द्यावा. गंजाची खडबडीत कडही ट्यूब कापते. बोर्डो मिश्रणातील मोरचूद लोखंडाला गंजवते, म्हणून फवारणीनंतर चाके धुणे आवश्यक आहे. डिझेल आणि तेल रबराला मारक असते; कडक ऊन त्याला तडे पाडते. ट्रॅक्टर सावलीत उभा करणे, हाही पंक्चर टाळण्याचाच भाग होय.

टायरमध्ये घालायचे द्रवरूप सीलंट बारीक काट्यांच्या छिद्रांवर उपयोगी ठरते. मात्र ते ट्यूबसाठी योग्य आहे का, हे आधी पाहावे. भिंतीवरची चीर किंवा फाटलेला वॉल्व्ह त्याने सांधला जात नाही. जुन्या टायरचा पट्टा आत बसवण्याचा देशी उपाय अनेक जण करतात. त्याच्या कडा घासून पातळ केल्या नाहीत, तर तोच पट्टा ट्यूब कापतो.

जिवाची काळजी आधी

उतारावर किंवा रस्त्यावर एका चाकाची हवा अचानक गेली, तर ट्रॅक्टर उलटू शकतो. बसलेल्या टायरवर ट्रॅक्टर चालवत घरी आणणे म्हणजे टायर, ट्यूब आणि रिम तिन्हींवर पाणी सोडणे. ट्रॅक्टर सपाट जागी थांबवावा, ब्रेक लावावा, दुसऱ्या चाकांना दगडाची किंवा लाकडाची उटी द्यावी, जॅकखाली रुंद फळी ठेवावी आणि केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या ट्रॅक्टरखाली जाऊ नये. हवा भरताना टायरसमोर न थांबता बाजूला उभे राहावे.

एक जादा ट्यूब, पंप, दाबमापक, वॉल्व्हची पिन, जॅक आणि फळी एवढे साहित्य हंगामापूर्वी तयार असावे. ट्रॅक्टर सुरू करण्याआधी त्याच्याभोवती एक फेरी मारून चारही टायरांवर नजर टाकण्यास दोन मिनिटे लागतात. फवारणीच्या दिवशी वाचणारा अर्धा दिवस अनेकदा त्या दोन मिनिटांतच कमावलेला असतो.