देवडीवरचा पहारेकरी

आमच्या वडिलांचे लहानपण पुण्यातल्या एका वाड्यात गेले. वाड्याचा मोठा दरवाजा कार्यप्रसंगीच उघडावयाचा. एरवी सगळी ये-जा दिंडीतून, मान वाकवून. आत देवडी, देवडीत पहारेकरी. वाडे गेले, ब्लॉक आले, कुलुपे वाढली. पण घराला आता आणखी एक दार फुटले आहे आणि त्याच्या देवडीत कोणीच बसलेले नाही, हे गेल्या वर्षीपर्यंत आमच्या गावीही नव्हते.

हे दार म्हणजे इंटरनेटची तार घरात शिरते तिथली ती पांढरी पेटी, राउटर.

झाले असे की, आईचा पाय मोडला. आम्ही दोघेही नोकरीला जाणारी, म्हणून तिच्या खोलीत एक स्वस्तातला कॅमेरा बसवला. ऑफिसात फोनवर तिचा पलंग दिसे. जिवाला बरे वाटे. एके दिवशी भाचा आला. तो संगणकाच्या धंद्यातला. चहा होईपर्यंत त्याने पेटीची तपासणी केली.

"मामा, पासवर्ड बदलला होता का कधी?"

"वायफायचा? तो तर आईच्या नावाचा आहे!"

"तो नव्हे, पेटीचा."

पेटीचे नाव 'ॲडमिन', पासवर्डही 'ॲडमिन', कारखान्यातून आला तसाच! शिवाय यूपीएनपी नावाची एक सोय असते; तिच्या आधारे कॅमेऱ्याने परस्पर पेटीकडून बाहेरून आत येण्याची वाट उघडून घेतली होती. "आजीची खोली तुम्ही पाहता," भाचा हळूच म्हणाला, "आणखी कोण पाहत असेल?" मी आईकडे पाहिले. ती कॅमेऱ्यासमोर वाती वळत बसली होती.

भाचा उगीच भीती घालत नव्हता. २०१६ साली 'मिराय' नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने असले कारखानी पासवर्ड साठेक जोड्यांत घोकून ठेवले आणि जगभरचे लाखो कॅमेरे व राउटर अंकित केले. २१ ऑक्टोबरला या फौजेने 'डाइन' या अमेरिकन कंपनीवर मारा केला, तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी बडी ठिकाणे कित्येकांना काही तास उघडेनात. पुढे २०१८ मध्ये 'व्हीपीएनफिल्टर'ने पाच लाख राउटर पछाडल्याचे उघडकीस आले. मौज अशी की, मालकांना पत्ताच नसतो. कॅमेरा आपला इमानाने चित्र दाखवीत असतो.

मग आम्ही पहारेकरी नेमला. पुस्तकाएवढी पेटी, तिला तारांच्या तीन-चार खाचा. हिला म्हणावयाचे फायरवॉल राउटर. हिच्यावर 'ओपनसेन्स' किंवा 'ओपनडब्ल्यूआरटी' हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर चालते. कंपनीच्या पेटीला 'ब्रिज मोड'मध्ये घालून नुसती तार जोडण्यापुरती ठेवली. वायफायसाठी निराळी पेटी घ्यावी लागली, तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "एका पेटीच्या राखणीला आणखी दोन पेट्या!"

पहारेकऱ्याचे काम जुन्या देवडीवाल्याचेच. घरातून कोणी कोणाला हाक मारली याची तो नोंद ठेवतो. त्या हाकेचे उत्तर आले तर आत सोडतो, न बोलावता आलेल्याला बाहेरच ठेवतो. पण खरी करामत पुढेच आहे. त्याने घराच्या आत भिंती घातल्या. आमचे संगणक-फोन एका दालनात, पाहुण्यांचे वायफाय दुसऱ्यात, कॅमेरा आणि टीव्ही तिसऱ्यात. तिसऱ्यातल्याने पहिल्यात डोकवावयाचे नाही. कॅमेऱ्याला तर घराबाहेर बोलण्याचीच बंदी. ऑफिसातून आई पाहावयाची तर माझा फोन आधी 'वायरगार्ड'च्या बंदिस्त वाटेने घरी येतो, ओळख पटवतो, मगच चित्र दिसते. (आमच्या तारेला स्वतंत्र पत्ता होता म्हणून हे जमले, ज्यांचा पत्ता सामाईक असतो त्यांना तो कंपनीकडून मागून घ्यावा लागतो.)

पहिले दोन दिवस टीव्ही रुसला, प्रिंटर हरवला, भाच्याला तीनदा फोन करावा लागला. सॉफ्टवेअर वेळोवेळी ताजे करावे लागते तेही आहेच. आणि बँकेतून बोलतो म्हणणाऱ्याला आपणच ओटीपी सांगितला, तर देवडीवाला काय करील?

आईला हे सारे समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मी तर पहिल्या दिवसापासून कपडे बदलताना त्याच्यावर टॉवेल टाकते."

मधूनमधून चित्र काळे होई, त्याबद्दल मी इतके दिवस इंटरनेट कंपनीला नावे ठेवीत होतो.