एका गाडीचे तीन हिशेब

अलीकडे आपल्याकडील बागाईतदाराच्या अंगणांत बैलगाडीच्या जागीं छोटी मालमोटार, म्हणजे जिला सर्वत्र पिकअप म्हणतात ती, उभी असलेली दिसते. पहांटे ती दुधाचे कॅन डेअरीवर पोंचविते, दुपारीं दुकानासाठीं पशुखाद्याचीं पोतीं आणते, संध्याकाळीं टोमॅटोचे क्रेट बाजार समितींत नेते आणि सणावारीं घरच्या माणसांस तालुक्याला नेऊन आणते. गाडी एक व कामें अनेक; तेव्हां आयकराचें पत्रक भरतांना तिचा खर्च कोणत्या खातीं घालावा, याविषयीं आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचा गोंधळ होतो. कोणी सगळें डिझेल दुकानाच्या नांवें लिहितो, तर कोणी भीतीपोटीं कांहींच लिहीत नाहीं. पहिल्यास पुढें नोटिशीला उत्तर देत बसावें लागतें. दुसरा तर खर्चून गेलेल्या पैशावर कर भरतो.

शेतीच्या उत्पन्नास आयकराची माफी १८८६ च्या कायद्यापासून चालत आली आहे. पण शेतकऱ्यानें मिळविलेली प्रत्येक कवडी म्हणजे शेतीचें उत्पन्न, असा जो समज आहे तो बरोबर नाहीं. पिकाची विक्री शेतीची. रोपवाटिकेंत वाढविलेल्या रोपांची विक्रीहि कायदा शेतीचीच मानतो. मात्र दूध, कोंबड्या, खत-बियाण्यांचें दुकान, शेजाऱ्याचा माल खरेदी करून विकणें, हा सर्व धंदा होय व त्याच्या नफ्यावर आकारणी होते. जें उत्पन्न माफ आहे त्याचा खर्च करपात्र उत्पन्नांतून वजा करतां येत नाहीं, आणि घरखर्च तर कोठूनच वजा होत नाहीं. गाडीच्या खर्चाचे तीन वांटे पडतात ते यामुळें.

समजा, संगमनेराकडील एका शेतकऱ्याचा गोठा व पशुखाद्याचें दुकान आहे. त्यानें ८ लाख रुपयांस पिकअप घेतली व वर्षांत ती १८,००० किलोमीटर चालली. पैकीं १२,००० दूध व दुकानासाठीं, ४,००० शेतमालासाठीं आणि २,००० घरकामासाठीं. डिझेल, विमा, दुरुस्ती व कर्जाचें व्याज मिळून खर्च २,४०,००० झाला. (कर्जाचा मुद्दलाचा हप्ता हा खर्च नव्हे; तो यांत धरूं नये.) यांत गाडीचा घसारा मिळवावयाचा. स्वतःच्या धंद्याचा माल वाहणाऱ्या गाडीस तो शेंकडा १५ प्रमाणें, म्हणजे पहिल्या वर्षीं १,२०,००० रुपये होतो. दुसऱ्या वर्षीं राहिलेल्या ६,८०,००० वर १,०२,०००. गाडी घेतल्या वर्षीं १८० दिवसांपेक्षां कमी वापरली असेल तर पहिल्या वर्षाचा घसारा निम्माच मिळतो. सबब मार्चांत घाईनें घेतलेली गाडी त्या वर्षीं फारसा लाभ देत नाहीं. पहिल्या वर्षाची एकूण रक्कम ३,६०,००० रुपये. तिचे दोन-तृतीयांश, म्हणजे २,४०,००० रुपये, या गृहस्थास धंद्याच्या उत्पन्नांतून वजा मागतां येतील. शेतीच्या वांट्याचे ८०,००० अगदींच वायां जातात असें नाहीं. धंद्याच्या उत्पन्नावरील कराचा दर ठरवितांना निव्वळ शेतीउत्पन्नहि हिशेबांत धरलें जातें, तेथें तें तेवढ्यानें कमी होतें. घरचे ४०,००० मात्र ज्याचे त्यानें सोसावे.

रोखीच्या व्यवहारानें होणारें नुकसान फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. गाडी घेतांना एका इसमास एका दिवसांत १०,००० रुपयांहून अधिक रक्कम नोटांनीं दिली, तर ती घसाऱ्यासाठीं गाडीच्या किंमतींत धरली जात नाहीं. जुनी गाडी ४ लाखांस ठरली व त्यांतील दीड लाख विकणाऱ्याच्या हातांत एकदम मोजून दिले, तर घसारा अडीच लाखांवरच मिळेल. आपल्याकडे जुन्या गाड्यांचे सौदे बहुधा असेच होतात, आणि विकणाऱ्याच्या सोयीखातर घेणारा दरसाल आपला हक्क गमावून बसतो. रोजच्या खर्चासहि सामान्यतः हीच मर्यादा लागू आहे. कायदा मोडल्याबद्दलचा दंड हा तर खर्चच नव्हे.

ज्यांस किर्द-खतावणीचा कंटाळा आहे त्यांना अंदाजी नफ्याचा मार्ग मोकळा आहे. दोन कोटींपर्यंतच्या उलाढालीच्या धंद्यास रोख विक्रीवर शेंकडा ८ व बँकेमार्फत आलेल्या रकमेवर शेंकडा ६ नफा दाखवून मोकळें होतां येतें. अडत-दलालीच्या कमाईस ही सोय नाहीं. परंतु या नफ्यांतून पुन्हां डिझेल किंवा घसारा वजा मागतां येत नाहीं, कारण तो आधींच दिला गेला असें कायदा समजतो. गाडी भाड्यानें चालविण्याचाच धंदा असेल तर घसाऱ्याचा दर शेंकडा ३० आहे. अथवा दहांपेक्षां अधिक मालगाड्या नसल्यास लहान गाडीमागें दरमहा ७,५०० रुपये नफा दाखवितां येतो. तेथेंहि वेगळी वजावट नाहीं. आमच्या मतें, ज्याचा खरा नफा या अंदाजाहून बराच कमी आहे त्यानेंच हिशेब ठेवण्याची यातायात करावी, व तीहि जाणत्या कर-सल्लागारास विचारून.

१९६१ च्या कायद्याच्या जागीं २०२५ चा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. त्यांत कलमांचे क्रमांक बदलले. वर सांगितलेलीं तत्त्वें कायम आहेत.

गाडी कोणाच्या नांवावर आहे हेंहि पाहावें. वडिलांच्या नांवें गाडी व मुलाच्या नांवें दुकान, अशी व्यवस्था घरांत चालते. पण घसारा मालकासच मिळत असल्यामुळें तेथें वाद उपस्थित होतो. घेतांनाच धंदा ज्याचा त्याच्या नांवें गाडी नोंदविणें सोयीचें.

वांटणी किलोमीटरवर करावयाची तर ते लिहिलेले हवेत. वर्षअखेर आठवून भरलेली वही तपासणाऱ्यास एका दृष्टिक्षेपांत ओळखूं येते. सगळ्या फेऱ्या एकाच शाईच्या व सगळे आंकडे पूर्णांकांत! तारीख, निघतांना व परततांना मीटरवरील आंकडा, कोठें गेलों, काय नेलें, एवढ्या चार गोष्टी पुरेत. पंपावरील पावतीचीं अक्षरें लौकर उडून जातात, तेव्हां तिचें छायाचित्र काढून ठेवावें. वही गाडींतच, पेन्सिल दोरीनें बांधून ठेवावी, आणि ३१ मार्चच्या रात्रीं मीटरचा आंकडा लिहून १ एप्रिलास नवें पान सुरू करावें.