कार्यालयं एक झाली, पण जाब कोणाला विचारायचा? विलीनीकरणामागचं राजकारण समजून घ्या

एका कामासाठी तीन कार्यालयं आणि प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर, "हे आमच्याकडे येत नाही." तालुक्याला हेलपाटे घालणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. त्यामुळे सरकारनं दोन-तीन संस्था एकत्र करायची घोषणा केली की लोकांना बरं वाटतं. खर्च वाचेल, काम एकाच ठिकाणी होईल, हे म्हणणं खोटंही नाही. पण या बदलात अधिकार कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेले, याची चर्चा फारशी होत नाही. दिल्ली महापालिकेचं प्रकरण त्यासाठी बघण्यासारखं आहे.

दिल्लीत नेमकं काय झालं?

1958 साली स्थापन झालेल्या दिल्ली महापालिकेचे 2012 मध्ये उत्तर, दक्षिण आणि पूर्व असे तीन तुकडे झाले. दक्षिणेकडे श्रीमंत वस्त्या, म्हणून कर चांगला जमायचा. उत्तर आणि पूर्वेची तिजोरी मात्र कायम रिकामी. पगार थकले, सफाई कामगारांनी संप केले, रस्त्यावर कचरा साचला. तिन्ही पुन्हा एक कराव्यात, या मागणीला त्यामुळे जोर होता.

संसदेनं एप्रिल 2022 मध्ये कायदा केला आणि 22 मे 2022 पासून तिन्ही महापालिका एक झाल्या. उत्पन्न एकत्र, आयुक्त एक, महापौर एक.

मग अडचण कुठं?

पहिली अडचण वेळेची. मार्च 2022 मध्ये राज्य निवडणूक आयोग निवडणुकीच्या तारखा जाहीर करणार होता. ऐनवेळी विलीनीकरणाचा विषय पुढं आला आणि मतदान लांबलं. ते झालं थेट 4 डिसेंबरला. मधल्या काळात कारभार केंद्रानं नेमलेल्या विशेष अधिकाऱ्याकडं होता. गटार तुंबलं तरी जाब विचारायला निवडून दिलेला नगरसेवकच नव्हता.

दुसरी अडचण प्रतिनिधींची. आधी 272 वॉर्ड होते, ते 250 झाले. नगरसेवक कमी म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला माणसं जास्त.

तिसरी अडचण सगळ्यात कमी चर्चेत आली. जुन्या कायद्यात जे अनेक अधिकार दिल्ली सरकारकडे होते, ते नव्या कायद्यानं केंद्राकडं गेले. राज्य सरकार पालिकांना सावत्र वागणूक देतं, असं केंद्राचं म्हणणं होतं. पराभवाच्या भीतीनं निवडणूक लांबवली, असा आरोप विरोधकांनी केला.

निकालात 15 वर्षं पालिकेत सत्तेवर असलेला भाजप 104 जागांवर थांबला आणि आम आदमी पक्षाला 134 जागा मिळाल्या. तरी भांडण मिटलं नाही. नियुक्त सदस्यांना मतदानाचा हक्क आहे का, यावरून महापौर निवड तीनदा रखडली. शेवटी सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर 22 फेब्रुवारी 2023 ला महापौर मिळाला.

अमेरिकेचाही अनुभव

अमेरिकेनं 2003 मध्ये 22 संस्था एकत्र करून अंतर्गत सुरक्षेचं मोठं खातं उभारलं. आपत्ती निवारणाची संस्थाही त्यात गेली. त्या खात्याचं मुख्य लक्ष दहशतवादावर होतं. 2005 च्या कॅटरिना चक्रीवादळात मदतीला उशीर झाला, तेव्हा या विलीनीकरणावर मोठी टीका झाली. मोठ्या खात्यात लहान संस्थेचं काम मागं पडतं, हा त्यातला धडा.

आपल्याकडं काय?

1 मे 2025 पासून देशातल्या ग्रामीण बँका 43 वरून 28 वर आल्या. महाराष्ट्रातली विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. आधी विदर्भ कोकणचं मुख्य कार्यालय नागपुरात होतं. आता एकत्रित बँकेचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरात आहे. एकच संगणक व्यवस्था आणि मोठं भांडवल हा फायदा आहेच. पण गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातल्या कर्जदाराची तक्रार शाखेत सुटली नाही, तर वरचं दार आता कुठं आहे, हे त्याला माहीत असायला हवं.

विलीनीकरणाची बातमी आली की हे प्रश्न विचारा

- आधी निर्णय कोण घेत होतं आणि आता कोण घेणार? तो माणूस मतानं निवडून आलेला आहे की नेमलेला?
- या कारणानं एखादी निवडणूक पुढं ढकलली जातेय का? किती महिन्यांसाठी?
- गावाला मिळणारा निधी वेगळा दिसणार की मोठ्या आकड्यात मिसळून जाणार?
- तक्रारीचं कार्यालय जवळ आलं की लांब गेलं?

या प्रश्नांची उत्तरं सरळ मिळाली, तर एकत्रीकरणाला विरोध करायचं कारण नाही. हेलपाटे वाचले पाहिजेतच. फक्त ते वाचवताना जाब विचारायचा हक्क हातचा जाऊ नये.