गुण एकच; दोहात जल्लोष, कोलकात्यात हळहळ

सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, तरी १० सप्टेंबर २०१९ च्या रात्री भारतीय फुटबॉलप्रेमींनी विजयाचाच जल्लोष केला. असे का व्हावे?

विश्वचषक पात्रता फेरीच्या या सामन्यात दोहा येथे समोर होता आशियाई विजेता कतार, तोही स्वतःच्या मैदानावर. कर्णधार सुनील छेत्री तापामुळे संघाबाहेर होता. पाचच दिवसांपूर्वी कतारने अफगाणिस्तानचा ६-० असा धुव्वा उडवला होता, तर भारत गुवाहाटीत ओमानकडून १-२ ने हरला होता. अशा स्थितीत गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने एकामागून एक फटके अडवले. मुंबईचा राहुल भेके व गोव्याचा मंदार राव देसाई यांच्यासह बचावफळीने अखेरपर्यंत किल्ला लढवला.

बरोबरीला गुण एकच मिळतो. त्याचे मोल मात्र प्रतिस्पर्धी आणि मैदान ठरवतात. १५ ऑक्टोबरला कोलकात्यात बांगलादेशाविरुद्ध गोव्याच्या आदिल खानने ८८ व्या मिनिटाला गोल करून १-१ अशी बरोबरी साधली. पराभव टळला, तरी घरच्या प्रेक्षकांना तो निकाल बोचला.

अखेर आठ सामन्यांत एक विजय, चार बरोबरी आणि सात गुण, एवढ्यावरच भारताची विश्वचषकाची वाट थांबली. दोहातील गुणाने आशा जागवली खरी. पण केवळ बरोबरीवर मजल मारता येत नाही.